स्प्युटोलायसिन: कफ पातळ करतं, नमुना सुधारत नाही

दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) किंवा ब्राँकिएक्टेसिस (त्या कायमच्या रुंदावण्याचा आजार) यांमधल्या श्वासनलिकांच्या दाहावर काम करताना कफाचा नमुना हाती आला की पहिली अडचण असते चिकटपणाची. पेशी म्युसिनच्या, म्हणजे कफाला चिकट करणाऱ्या प्रथिनाच्या, जाळ्यात अडकलेल्या असतात. त्या सुट्या झाल्याशिवाय मोजता येत नाहीत आणि स्लाइडवर नीट पसरतही नाहीत. हे जाळं तोडायला डायथायोथ्रिटॉल, म्हणजेच डीटीटी वापरतात. म्युसिनचे रेणू ज्या डायसल्फाइड बंधांनी एकमेकांना धरून असतात ते बंध डीटीटी तोडतं आणि कफ पाण्यासारखा वाहू लागतो. स्प्युटोलायसिन हे याच डीटीटीचं फॉस्फेट बफरमधलं तयार, दहापट तीव्रतेचं द्रावण. काल्बायोकेम या नावाने ते ओळखलं जायचं, आता तो ब्रँड मर्ककडे आहे. 1990च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टनच्या गटाने प्रेरित कफाची, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा देऊन मुद्दाम काढलेल्या कफाची, जी पद्धत बसवली तिच्यात हेच द्रावण होतं. त्यामुळे आजही कित्येक प्रोटोकॉलमध्ये त्याचं नाव जसंच्या तसं उतरलेलं दिसतं.

आमचं मत आधीच सांगतो. पेशींची मोजणी करायची असेल तर हे द्रावण उत्तम आहे आणि विशेषतः अनेक केंद्रांवर चालणाऱ्या अभ्यासात त्याचा खर्च वसूल होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी तळाशी बसवल्यावर वर उरणाऱ्या द्रवातली प्रथिनं मोजायची असतील तर मात्र ते डोळे मिटून वापरू नका. आणि नमुना मुळातच लाळेचा असेल तर हे किंवा दुसरं कोणतंही द्रावण त्याला वाचवू शकत नाही. या शेवटच्या मुद्द्याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून त्यावर जास्त लिहितो आहोत.

आधी वापर. बाटलीतलं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात 1 भागाला 9 भाग असं मिसळायचं. तयार होतं ते 0.1 टक्के डीटीटी, म्हणजे साधारण 6.5 मिलिमोलर. हे रोज ताजं करायचं आणि उरलेलं संध्याकाळी टाकून द्यायचं. डीटीटी हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं आणि पीएच जितका जास्त तितकं लवकर: 20 अंश सेल्सिअसला पीएच 6.5 असताना त्याचं अर्धायुष्य सुमारे 40 तास असतं, पीएच 7.5 ला 10 तास, तर 8.5 ला दीड तासाच्या आसपास. पाण्यात तांबं किंवा लोह असेल तर ऱ्हास आणखी वेगाने होतो, म्हणून नळाचं किंवा जुन्या पिंपातलं पाणी इथे चालत नाही. निकामी झालेलं द्रावण दिसायला ताज्यासारखंच स्वच्छ असतं. ते वापरलं की कफ नीट विरघळत नाही, गाळणीवर चिकट थर राहतो, एकूण पेशी कमी भरतात आणि दोष नमुन्यावर ढकलला जातो.

पावडर आणून स्वतः द्रावण करणं अवघड नाही: 100 मिलिग्रॅम डीटीटी 100 मिलिलिटर बफरमध्ये. खर्च खूपच कमी येतो. एकाच प्रयोगशाळेत, एकाच कुशल हाताखाली काम होत असेल तर आम्ही पावडरच सुचवू. करून ठेवलेलं द्रावण लहान नळ्यांत विभागून उणे 20 अंशांवर ठेवायचं आणि एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. तयार द्रावणाचा खरा फायदा आहे सारखेपणा. पाच केंद्रांवर पाच जण पावडर तोलत असतील तर कुणाचा तराजू, कुणाचा पीएच मीटर, कुणाची दमट हवेत उघडी राहिलेली बाटली असे फरक शिरतात आणि ते नंतर आकडेवारीतून वेगळे काढता येत नाहीत.

आता बाटली उघडण्याआधीचं काम. नमुन्याचा दर्जा खऱ्या अर्थाने तिथेच ठरतो.

कफ काढताना आधी 200 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल द्यायचं, मग अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरमधून 3 ते 5 टक्के मिठाचं पाणी. मिनिटाला साधारण 1 मिलिलिटर फवारा पुरतो. मधूनमधून एफईव्ही-1 (जोराने श्वास सोडताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा) तपासायचा आणि तो 20 टक्के घसरला की तिथेच थांबायचं. ज्यांची फुप्फुसांची क्षमता मुळातच कमी आहे त्यांना आधी 0.9 टक्के साध्या सलाइनवर ठेवायचं. फवारा किती वेळ द्यायचा हे सगळ्यांसाठी एकच ठेवा. सुरुवातीला येणारा कफ मोठ्या श्वासनलिकांमधला असतो आणि त्यात न्यूट्रोफिल व इओसिनोफिल या दाहाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. वेळ वाढेल तसा आतल्या, बारीक नलिकांमधला कफ येतो आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींचं प्रमाण वाढतं. एकाला 8 मिनिटं आणि दुसऱ्याला 20 मिनिटं फवारा दिला तर मिळणारा फरक आजाराचा आहे की घड्याळाचा, हे सांगता येणार नाही. त्याच माणसाचा नमुना पुन्हा घ्यायचा असेल तर मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या, कारण मिठाच्या फवाऱ्यानेच न्यूट्रोफिल वाढतात आणि दुसऱ्या दिवशीचा नमुना उगाच दाहाचा वाटतो.

प्रत्येक वेळी खोकण्याआधी नाक शिंकरायला लावा, चूळ भरून घ्या आणि तोंड कोरडं पुसायला सांगा. लाळ वेगळ्या भांड्यात थुंकवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्क्वेमस पेशींचा, म्हणजे लाळेसोबत येणाऱ्या तोंडाच्या अस्तरातल्या पेशींचा, आकडा कमी ठेवायला याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

नमुना दोन तासांच्या आत हाताळायचा, तोपर्यंत बर्फावर. पेट्री डिशमध्ये ओतून ती काळ्या पृष्ठभागावर ठेवा, म्हणजे कफाच्या दाट, अपारदर्शक गुठळ्या लाळेपासून उठून दिसतात. बोथट चिमट्याने गुठळी उचलायची, डिशच्या कोरड्या भागावर छोट्या गोलाकार हालचालींनी फिरवायची. लाळ आणि फेस मागे राहतो, गुठळी घट्ट होत जाते. हे थांबवायचं कधी? गुठळीमागे ओला माग उमटणं बंद झालं की. शंका आली तर इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली तोच तुकडा पाहा: मोठ्या, चपट्या, फरशीसारख्या स्क्वेमस पेशींची गर्दी दिसली तर तो तुकडा सोडून द्या. निवडलेल्या गुठळ्या आधीच तोलून ठेवलेल्या नळीत टाका. 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी भरलं तर मोजणीला पेशी पुरतीलच असं नाही.

काही जण गुठळ्या न निवडता सगळाच नमुना विरघळवतात. ते लवकर होतं आणि हाताला फार सराव लागत नाही. पण लाळ किती मिसळली हे दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे वरच्या द्रवातल्या प्रत्येक आकड्यात तेवढं अनिश्चित पाणी शिरतं. एका अभ्यासात दोन्ही पद्धती मिसळू नका, एवढं तरी पाळा.

एक उदाहरण घेऊ. निवडलेला कफ 250 मिलिग्रॅम आहे. त्यात चौपट, म्हणजे 1 मिलिलिटर 0.1 टक्के डीटीटी घाला, 15 सेकंद व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळा आणि नळी 15 मिनिटं हळूहळू हलवणाऱ्या रॉकरवर ठेवा. मध्ये एकदोनदा पिपेटने हळूच वर-खाली करून बघा. टोकाला तार लागत नसेल तर काम झालं. तार राहिली तर आणखी पाच मिनिटं द्या, पण अर्धा तास सोडून देऊ नका. डीटीटीत जास्त वेळ राहिलेल्या पेशी मरतात आणि जिवंत पेशींचं प्रमाण हाताळणीमुळे खाली येतं. मग पुन्हा चौपट, 1 मिलिलिटर पीबीएस (फॉस्फेट बफर असलेलं सलाइन) घालून डीटीटीचा जोर मोडायचा. 48 मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळायचं आणि जाळी आधी पीबीएसने ओली करायची, नाहीतर कोरड्या जाळीतच बरेच थेंब अडकतात.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. 0.25 मिलिलिटर कफ, 1 मिलिलिटर डीटीटी, 1 मिलिलिटर पीबीएस: एकूण 2.25 मिलिलिटर. म्हणजे पातळीकरण 9 पट आहे. चार अधिक चार असं मोजून 8 ने गुणलं की प्रत्येक प्रथिनाचा आकडा सुमारे 11 टक्के कमी लिहिला जातो. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी का जुळत नाही याचा शोध घेताना ही ओळ आधी तपासा.

गाळलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये 790 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 790 पट जोराने) 10 मिनिटं, 4 अंशांवर फिरवायचा. वरचा द्रव काढून लहान नळ्यांत उणे 80 अंशांवर, तळाचा साका 1 मिलिलिटर पीबीएसमध्ये. आता 10 मायक्रोलिटर पेशी आणि 10 मायक्रोलिटर ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) एकत्र करून न्यूबाउअर चेंबरमध्ये (चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेत) मोजा. एका मोठ्या चौकटीत सरासरी 40 बिगर-स्क्वेमस पेशी भेटल्या, तर 40 गुणिले 2 गुणिले 10,000, म्हणजे मिलिलिटरला 8 लाख पेशी. भागिले 0.25 ग्रॅम: ग्रॅमला 32 लाख. निरोगी प्रौढांमध्ये हा आकडा ग्रॅमला साधारण 97 लाखांच्या खाली असतो. त्याच्या वर गेला आणि न्यूट्रोफिल 64 टक्क्यांच्या पुढे असतील तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

दर्जा ठरवताना याच चेंबरमधून तीन आकडे घ्यायचे: स्क्वेमस पेशी किती टक्के, उरलेल्यांपैकी जिवंत किती टक्के आणि ग्रॅममागे एकूण किती. स्क्वेमस 20 टक्क्यांच्या आत असतील तर मोजणी पुन्हा केली तरी जवळपास तीच येते. 80 टक्क्यांच्या वर असतील तर नमुना बाद. मधल्या पट्ट्यात प्रत्येक गट आपली रेघ मारतो, कुणी 30 वर, कुणी 40 वर. कुठेही मारा, पण नमुने येण्याआधी मारा. निकाल पाहून मग ठरवलेली मर्यादा म्हणजे निकालच निवडणं. जिवंत पेशी मोजताना स्क्वेमस पेशी गणतीतून बाहेर ठेवायच्या, कारण त्या बहुतेक निळ्याच दिसतात आणि चांगल्या नमुन्यालाही नापास करतात.

जिवंत पेशी 50 टक्क्यांच्या खाली आल्या म्हणून नमुना लगेच फेकू नका. या बाबतीत आमचं मत अनेक लेखी प्रोटोकॉलपेक्षा सैल आहे. न्यूट्रोफिल अल्पायुषी पेशी आहेत. सीओपीडी आणि ब्राँकिएक्टेसिसमध्ये जिथे कफ न्यूट्रोफिलनेच भरलेला असतो तिथे त्या नलिकेतच मरत असतात. असे नमुने सरसकट वगळले तर ज्यांचा दाह सर्वात तीव्र आहे तेच रुग्ण अभ्यासाबाहेर जातात. उलट इओसिनोफिलचा कफ असून जिवंत पेशी 40 टक्के असतील तर हाताळणीवर संशय घ्या: उशीर झाला का, नमुना गरम राहिला का, डीटीटीत जास्त वेळ गेला का. आपोआप खोकून आलेल्या कफातही जिवंत पेशी प्रेरित कफापेक्षा कमीच भेटतात, तेव्हा दोन्हींना एकच कसोटी लावू नये.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची कसोटी इथे उचलून आणली जाते, तेही टाळा. मायक्रोस्कोपच्या एका क्षेत्रात 10 पेक्षा कमी स्क्वेमस आणि 25 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी हा निकष कल्चर लावायचं की नाही यासाठी आहे. इओसिनोफिलची टक्केवारी विश्वसनीय आहे का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. सौम्य दम्याच्या उत्तम नमुन्यातही 25 पांढऱ्या पेशी एका क्षेत्रात दिसतीलच असं नाही.

स्लाइड करताना पेशींची घनता मिलिलिटरला 5 ते 10 लाख ठेवा आणि पेशी फिरवून स्लाइडवर बसवणाऱ्या सायटोस्पिन यंत्राच्या कपात 50 ते 75 मायक्रोलिटर घाला. शँडन यंत्रावर मिनिटाला 450 फेरे, 6 मिनिटं ही जुनी सेटिंग चालते. दुसऱ्या यंत्राचा रोटर वेगळा असेल तर फेरे तेच ठेवण्यात अर्थ नाही, जी किती पडतो ते काढा. पेशी दाट पडल्या तर त्यांना पसरायला जागा मिळत नाही, केंद्रकाचे खंड एकमेकांवर येतात आणि इओसिनोफिल व न्यूट्रोफिल ओळखणं कठीण होतं. स्लाइड लगेच हवेत वाळवा. ओलसर राहिली तर पेशी आक्रसतात आणि केंद्रकं गडद, एकसारखी दिसतात. नीट विरघळलेला कफ असेल तर पेशींमागची पार्श्वभूमी स्वच्छ दिसते. गुलाबी-निळसर धाग्यांचा पडदा दिसला तर म्युसिन उरलं आहे, मग डीटीटीची तारीख पाहा. या कसोटीवर ताजं स्प्युटोलायसिन फार क्वचित मागे पडतं.

400 बिगर-स्क्वेमस पेशी मोजायच्या. 100 वर थांबणाऱ्यांसाठी हिशेब असा: 3 टक्के इओसिनोफिल 400 पेशींत सापडले तर खरा आकडा 95 टक्के खात्रीने सुमारे 1.7 ते 5.2 टक्क्यांच्या दरम्यान असतो. तेच 3 टक्के 100 पेशींत सापडले तर 1.0 ते 8.5. उपचार ठरवण्याची मर्यादा 2 किंवा 3 टक्क्यांवर असताना 100 पेशींची मोजणी काहीच ठरवू शकत नाही. 2002 साली लेस्टरच्या गटाने लॅन्सेटमध्ये दाखवलं की कफातले इओसिनोफिल पाहून दम्याचे उपचार बदलले तर गंभीर झटके कमी होतात. ज्या आकड्यावर रुग्णाचं स्टिरॉइड वाढणार किंवा कमी होणार, त्यासाठी आणखी 300 पेशी मोजायला लागणारी मिनिटं द्यायलाच हवीत.

आता द्रावणाचा कच्चा दुवा. डीटीटीला म्युसिनचेच बंध तोडायचे आहेत हे कळत नाही. सायटोकाइन या दाहाचे संदेश नेणाऱ्या प्रथिनांमध्ये डायसल्फाइड बंध असतात, एलायझाच्या (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीच्या) प्लेटवरच्या प्रतिपिंडांतही असतात. वरच्या उदाहरणात पीबीएस घातल्यावरही द्रवात सुमारे 2.9 मिलिमोलर डीटीटी उरतं आणि तेच प्लेटवर जातं. परिणामी काही प्रथिनं कमी मोजली जातात, काहींवर फारसा परिणाम होत नाही. कोणत्या किटवर काय होईल हे आधी सांगता येत नाही, तपासावंच लागतं. नमुन्याचे दोन भाग करून एकात ओळखीच्या प्रमाणात प्रथिन घाला आणि किती परत मिळतं ते बघा. 80 ते 120 टक्के परत आलं तर ठीक. प्रमाण वक्र (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला आलेख) ज्या द्रवात करता त्यातही तेवढंच डीटीटी घाला. एकूण प्रथिनासाठी बीसीए पद्धत इथे नको: ती 1 मिलिमोलरच्या आसपासच डीटीटी सहन करते, पुढे खोटा रंग चढतो. ब्रॅडफर्ड पद्धत घ्या.

प्रथिनं हाच अभ्यासाचा मुख्य भाग असेल तर दोन टप्प्यांची पद्धत वापरा. कफाच्या आठपट पीबीएस घालून हलकेच मोकळं करा, 790 जी वर फिरवा, वरून चारपट द्रव काढून ठेवा. या द्रवात डीटीटी अजिबात नाही. राहिलेल्यात चारपट 0.2 टक्के डीटीटी घातलं की अंतिम तीव्रता 0.1 टक्क्याच्या आसपास येते आणि पेशींचं काम नेहमीसारखं पुढे जातं. 0.2 टक्क्यांसाठी स्प्युटोलायसिन 1 भागाला 4 भाग पाणी असं मिसळा. पीबीएसने म्युसिनमध्ये अडकलेलं सगळं प्रथिन सुटत नाही, ही या पद्धतीची मर्यादा. तरी काय मोजतो आहोत हे निदान कळतं. फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखून मोजणं) करणाऱ्यांनीही प्रत्येक पृष्ठभाग-खूण डीटीटी लावलेल्या आणि न लावलेल्या रक्तपेशींवर आधी पडताळावी, काही खुणा डीटीटीने पुसट होतात.

सुरक्षिततेचं एक. द्रावणाला गंधकाचा उग्र वास असतो, डोळ्यांना आणि कातडीला ते झोंबतं. पण मोठा धोका कफाचाच आहे. हे नाव सूक्ष्मजीवशास्त्रातही दिसत असल्याने क्षयाच्या नमुन्यांसाठीच्या सोडियम हायड्रॉक्साइड असलेल्या द्रावणासारखं हेही जंतू मारतं, असा समज आढळतो. डीटीटी जंतू मारत नाही. गुठळ्या निवडण्यापासून गाळण्यापर्यंतचं काम दुसऱ्या श्रेणीच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, सेंट्रिफ्यूजचे कप झाकणबंद, आणि फिरवून झाल्यावर ते कॅबिनेटमध्येच उघडायचे.

खरेदी करताना एकाच लॉटचा पुरेसा साठा घ्या. लॉट बदलावाच लागला तर एका मोठ्या नमुन्याच्या मिसळलेल्या गुठळ्या अर्ध्या-अर्ध्या करून जुन्या आणि नव्या लॉटमध्ये विरघळवा, दोन्हींच्या ग्रॅममागच्या एकूण पेशी, जिवंत पेशींचं प्रमाण आणि 400 पेशींची मोजणी शेजारी-शेजारी लिहा, आणि ते पान नोंदवहीत लॉट क्रमांकासह लावा.